डॉ. जब्बार पटेल यांचे उत्तरकालीन राजकीय चित्रपट : संबोधनाच्या अंगाने एक विचार

प्रस्तावना

मराठी समांतर चित्रपटाची चर्चा निघाली की डॉ. जब्बार पटेल यांच्या कारकिर्दीचे दोन भाग पाडण्याची प्रथा आता रूढ झाली आहे. ‘सामना’ (१९७५), ‘जैत रे जैत’ (१९७७), ‘सिंहासन’ (१९७९) आणि ‘उंबरठा’ (१९८२) हा पहिला भाग, ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर’ (२०००) आणि ‘यशवंतराव चव्हाण : बखर एका वादळाची’ (२०१४) हा दुसरा. ‘एक होता विदूषक’ (१९९२) आणि ‘मुक्ता’ (१९९४) हे मधले चित्रपट सोयीप्रमाणे कधी इकडे, कधी तिकडे टाकले जातात. पहिल्या भागातील दिग्दर्शक सत्तेला प्रश्न विचारतो आणि दुसऱ्या भागातील दिग्दर्शक सत्तेच्या पैशाने पुतळे उभारतो, असे या विभागणीचे तात्पर्य असते. याच्या उलट मत मांडणारे म्हणतात की, डॉ. आंबेडकरांवर भव्य प्रमाणावर चित्रपट होणे ही ऐतिहासिक गरज होती, ती पटेलांनी पूर्ण केली, आणि म्हणून त्या चित्रपटाला ‘सिंहासन’ची फूटपट्टी लावणे गैर आहे.

प्रस्तुत लेखकास ही दोन्ही मते अपुरी वाटतात. दोन्ही मतांचा रोख चित्रपट कोणी काढायला लावला, पैसा कोणाचा होता आणि नायक किती थोर होता याकडे आहे. पडद्यावर कोण कोणाशी कोणत्या भाषेत बोलतो, कोण कोणाला काय म्हणून हाक मारतो, याकडे फारसे कोणी पाहत नाही. पटेलांचे सुरुवातीचे राजकारण या हाक मारण्यातच होते आणि उत्तरकाळात गेले तेही तेथूनच, असे या लेखाचे प्रतिपादन आहे.

शासकीय पैशाचा आक्षेप

पैशाच्या प्रश्नाचा आधी निकाल लावू. आंबेडकर चित्रपटाला केंद्र शासनाच्या सामाजिक न्याय मंत्रालयाचे आणि महाराष्ट्र शासनाचे अर्थसाहाय्य होते. राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाचा त्यात सहभाग होता. एवढ्यावरून त्याला शासकीय प्रचारपट ठरवणे मात्र अवघड आहे. मोहन गोखले यांनी उभे केलेले गांधी पाठ्यपुस्तकातले नाहीत. ते वाटाघाटीत मुरलेले, हट्टी, प्रसंगी उपरोधिक आहेत. १९३२ च्या येरवडा करारापर्यंतचा ताण चित्रपट आंबेडकरांच्या बाजूने पाहतो आणि त्यात राष्ट्रपित्याला सवलत देत नाही. शासनाने पैसा दिलेल्या चित्रपटात हे घडले, ही लहान गोष्ट नव्हे. शिवाय ज्या यंत्रणेने हा चित्रपट करवून घेतला तिने तो लोकांपर्यंत नेण्यात फारशी आस्था दाखवली नाही. १९९८ च्या राष्ट्रीय पुरस्कारांत मामुट्टी सर्वोत्कृष्ट अभिनेता ठरले (हा पुरस्कार त्यांना अजय देवगण यांच्यासह विभागून मिळाला), नितीन देसाई यांचे कलादिग्दर्शन गौरवले गेले आणि इंग्रजी भाषेतील सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा मान या चित्रपटास मिळाला. असे असूनही तमिळ आवृत्ती प्रेक्षकांसमोर यायला २०१० साल उजाडले, तेही मद्रास उच्च न्यायालयात प्रकरण गेल्यानंतर. प्रचारपटाची अशी उपेक्षा सहसा होत नाही.

तेव्हा दिग्दर्शकाचे धैर्य संपले, हे स्पष्टीकरण पुरेसे नाही. मग नेमके काय बदलले?

‘सामना’ आणि ‘सिंहासन’ : ऐकू येणारी सत्ता

विजय तेंडुलकरांनी लिहिलेल्या ‘सामना’मध्ये सत्ता दिसण्याआधी ऐकू येते. साखर कारखान्याचा धनी हिंदुराव धोंडे पाटील (निळू फुले) आवाज चढवत नाही. गोड बोलतो, पाहुणचार करतो, आणि म्हणूनच त्याची भीती वाटते. समोरचा मास्तर (डॉ. श्रीराम लागू) हा दारूत बुडालेला जुना स्वातंत्र्यसैनिक. त्याच्याजवळ मारुती कांबळे या बेपत्ता माणसाविषयीच्या एका प्रश्नाखेरीज काही उरलेले नाही. तो प्रश्न पुढे महाराष्ट्राच्या बोलण्यात म्हणीसारखा रुजला. गावात आदर कोणाला, अरेतुरे कोणाला, कोणाचे नाव पूर्ण घ्यायचे आणि कोणाचे तोडून, याची उतरंड त्या चित्रपटाच्या संवादांत पायरीपायरीने ऐकू येते. मारुती कांबळे पडद्यावर फारसा नाही. चित्रपट चालतो तो त्याच्या नावावर. ते नाव घ्यायचे धाडस कोणाला आहे आणि कोणाला नाही, हीच कथा.

‘सिंहासन’मध्ये गाव सुटते आणि मंत्रालय येते. अरुण साधू यांच्या ‘मुंबई दिनांक’ आणि ‘सिंहासन’ या दोन कादंबऱ्यांवरून तेंडुलकरांनी ही पटकथा रचली. मुख्यमंत्री जिवाजीराव (अरुण सरनाईक) यांना आलेल्या एका निनावी दूरध्वनीने कथानकाला गती मिळते. बोलणारा कोण हे माहीत नसताना सत्तेला घाम फुटतो. त्यानंतर सगळे राजकारण ‘साहेब’ या एका शब्दाभोवती फिरते. अर्थमंत्री विश्वासराव दाभाडे त्या शब्दाची वाट पाहत असतो, कार्यकर्ते तो शब्द योग्य वेळी योग्य माणसाला द्यायला तयार असतात. पत्रकार दिगू टिपणीस हे सगळे ऐकत राहतो आणि शेवटी त्याचेच मन ढळते. दिगू नायक नाही. तो कान आहे. आणि प्रेक्षकाला चित्रपटात जागा मिळते ती त्या कानामुळे.

ठाणे, कल्याण, डोंबिवलीच्या महाविद्यालयांतील आजच्या विद्यार्थ्यांपुढे ‘सिंहासन’मधील एखादा प्रसंग ठेवला तर त्यांना जिवाजीराव कोणत्या पक्षाचा हे विचारावेसे वाटत नाही. नगरसेवकाच्या कार्यालयाबाहेर तासभर थांबलेल्या कोणालाही तो स्वर ओळखीचा असतो. मंत्रालयातली ‘साहेब’ आणि प्रभागातली ‘साहेब’ ही हाक एकच आहे. फरक फक्त दाराच्या उंचीचा.

इंग्रजी बोलणारे बाबासाहेब

आता आंबेडकर चित्रपटाकडे वळू. पटकथेत सूनी तारापोरवाला यांच्यासह अरुण साधू आणि ‘बलुतं’चे लेखक दया पवार यांची नावे आहेत. म्हणजे ‘सिंहासन’चा मूळ कादंबरीकार येथेही होता, आणि महारवाड्यातील बोलीला मराठी साहित्यात मानाने आणणारा लेखकही होता. दया पवार १९९६ मध्ये गेले. पूर्ण झालेला चित्रपट त्यांना पाहता आला नाही. अशा लेखकांच्या हातून आलेला हा चित्रपट मूळ इंग्रजीत आहे, ही त्याच्या मूल्यमापनातील मध्यवर्ती गोष्ट ठरावी. प्रत्यक्षात तिचा उल्लेख होतो तो बहुधा तांत्रिक तपशील म्हणून.

इंग्रजीत समोरच्याला उद्देशून एकच सर्वनाम आहे. जातिव्यवस्थेचा मराठीतला अर्धा व्यवहार तू, तुम्ही आणि आपण यांच्या निवडीत चालतो. १९१७ साली कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेला अधिकारी बडोद्याच्या कचेरीत बसलेला आहे आणि शिपाई त्याच्याकडे कागद लांबून फेकतात, हा प्रसंग इतिहासात नोंदलेला आहे. फेकलेला कागद कोणत्याही भाषेत दिसतो. पण अशा वेळी शिपाई आदरार्थी बोलतो की एकेरीवर येतो, की अधिकाऱ्याला उद्देशून बोलावे लागू नये म्हणून वाक्याचा कर्ताच गाळतो, हे मराठीतच किंवा गुजरातीतच कळू शकते. तो तिसरा पर्याय सर्वांत क्रूर आहे, आणि इंग्रजी संवादात तो लिहिणेच शक्य नाही.

चळवळीचे स्वरूप पाहिले तर ही हानी आणखी मोठी वाटते. डॉ. आंबेडकरांच्या चळवळीने पाणवठ्यावर आणि मंदिरावर हक्क सांगितला, हे आपण शिकवतो. तिने संबोधनाची क्रांतीही केली, हे मात्र आपण कमी सांगतो. ‘जोहार मायबाप’ म्हणून कमरेत वाकणारी माणसे एका पिढीत ‘जय भीम’ म्हणून ताठ उभी राहिली. नावाच्या शेवटी लागणारे ‘नाक’ गेले. चित्रपटाच्या शीर्षकातही या क्रांतीचे थर आहेत: ‘डॉ.’ ही पदवी विद्यापीठांनी दिलेली आणि ‘बाबासाहेब’ ही हाक लोकांनी दिलेली. या हाका एकमेकींत कशा मिसळल्या, केव्हा आणि कोणाच्या तोंडून, ही खरे तर एका मोठ्या चित्रपटाची कथा आहे. इंग्रजी संवादांत ‘बाबासाहेब’ हा एक अनुवाद न झालेला शब्द म्हणून येतो आणि जातो.

१९ आणि २० मार्च १९२७ रोजी महाडला जमलेल्या लोकांशी आंबेडकर मराठीत बोलले. त्याच वर्षी ३ एप्रिलला ‘बहिष्कृत भारत’ सुरू झाले आणि त्यातील त्यांचे गद्य आजही मराठी वैचारिक लेखनाचा नमुना म्हणून वाचावे असे आहे: कायदेपंडिताची शिस्त आणि कोकणी माणसाचा खोचकपणा एकत्र. चित्रपटातील महाडचा प्रसंग भव्य आहे, छायाचित्रण प्रभावी आहे, पण बोलणारा आणि ऐकणारे यांच्यामध्ये एक अदृश्य दुभाषी उभा आहे असे सतत वाटत राहते. घरातल्या प्रसंगांत तर हा दुभाषी माजघरातही येतो. १९४० मध्ये प्रसिद्ध झालेला पाकिस्तानविषयक ग्रंथ आंबेडकरांनी ‘रामू’च्या स्मृतीस अर्पण केला आहे. इंग्रजी ग्रंथाच्या अर्पणपत्रिकेतही त्यांनी घरातली हाक बदलली नाही. चित्रपटात ती हाक इंग्रजी वाक्यांच्या वस्तीत एकटी पडते. सोनाली कुलकर्णी यांनी रमाबाईंचे मौन उत्तम सांभाळले आहे आणि ते स्वाभाविक आहे. मौनाला डबिंग लागत नाही.

याच्या विरुद्ध एक सबळ युक्तिवाद आहे आणि त्याला टाळून पुढे जाता येणार नाही. इंग्रजी ही आंबेडकरांच्या दृष्टीने परकी भाषा नव्हती, सुटकेची भाषा होती. मराठीतील एकेरी-अनेकेरीच्या जाळ्यातून बाहेर पडण्याचा एक मार्ग त्यांना न्यूयॉर्क आणि लंडन येथे मिळाला, आणि गोलमेज परिषदेत ते बोलले तेव्हा त्या भाषेने त्यांना समोरच्यांच्या बरोबरीचे केले. म्हणून नायक इंग्रजी बोलतो हे सत्यच आहे, असे म्हणता येईल. मला हा युक्तिवाद अर्धा मान्य आहे. चित्रपटाचे विदेशातील प्रसंग आणि घटनात्मक वादांचे प्रसंग खरोखरच जिवंत आहेत, त्याचे कारण हेच. पण सुटकेचा आनंद कळायला आधी ते जाळे ऐकू यावे लागते. ज्या चित्रपटात सातारा, बडोदा आणि महाडही इंग्रजी बोलतात, त्यात लंडनला पोहोचलेल्या माणसाचा सुटकेचा श्वास ऐकू येत नाही. हा चित्रपट लंडनमध्ये घरचा आहे आणि महाडमध्ये पाहुणा.

हिंदी रूपांतरात तू, तुम आणि आप परत येतात, हे खरे. मात्र ती निवड प्रसंगाच्या उभारणीतून आलेली नसते. ओठांच्या हालचालींशी जुळवून नंतर घातलेली असते. आपल्याकडच्या बहुसंख्य प्रेक्षकांनी हा चित्रपट पाहिला तो याच हिंदीतून. उल्हासनगर, अंबरनाथ, कल्याण पूर्व येथील वस्त्यांत १४ एप्रिलच्या सुमारास चौकात पडदा लावून चित्रपट दाखवण्याची रीत जुनी आहे. तेथे बसलेला प्रेक्षक पडद्यावरील दीक्षाभूमीच्या प्रसंगाला स्वतःच ‘जय भीम’ म्हणून उत्तर देतो. हा प्रतिसाद चित्रपटाच्या यशाचा पुरावा म्हणून सांगितला जातो. चित्रपटात जी हाक उणी आहे ती प्रेक्षक स्वतःच्या पदरची घालतो, असेही त्याचे वाचन होऊ शकते.

गर्दी आणि नावे

दुसरा मुद्दा याच्याशीच जोडलेला आहे. ‘सामना’ आणि ‘सिंहासन’मध्ये एक अपुरा, हरणारा साक्षीदार होता: मास्तर किंवा दिगू. आंबेडकर चित्रपटात साक्षीदार नाही. नायकच पाहतो, नायकच बोलतो, नायकच करतो. बाकीचे अनुयायी होतात. महाड परिषदेमागचे रामचंद्र बाबाजी मोरे, महाड नगरपालिकेचे सुरेंद्रनाथ टिपणीस (दिगूचे आडनावबंधू, हा निव्वळ योगायोग), अनंतराव चित्रे, मनुस्मृतिदहनातील सहस्रबुद्धे, नाशिकचे दादासाहेब गायकवाड: चित्रपट संपल्यावर यांतील किती जण प्रेक्षकाच्या मनात व्यक्ती म्हणून उरतात? जवळजवळ कोणीच नाही. चरित्रपटाला पात्रे मर्यादित ठेवावी लागतात हे मान्य करूनही, वर्षानुवर्षे गावोगाव चाललेली चळवळ येथे काही ठळक तारखांची मालिका होते हे नाकारता येत नाही.

आपल्या परिसरातील उदाहरण घेऊ. महाडनंतर जेमतेम दीड महिन्याने, ३ मे १९२७ रोजी, बदलापूर येथील शिवजयंती उत्सवाचे अध्यक्षस्थान डॉ. आंबेडकरांनी भूषवले होते. कर्जतच्या वाटेवरील तेव्हाच्या लहानशा गावात, शिवाजी महाराजांच्या उत्सवात, नुकतेच चवदार तळ्याचे पाणी पिऊन आलेले आंबेडकर अध्यक्ष म्हणून बसतात आणि सवर्ण आयोजक त्यांना बोलावतात, हा प्रसंग कोणत्याही ठळक तारखेपेक्षा नाट्यदृष्ट्या कमी समृद्ध नाही. तेथे कोणी कोणाला काय म्हणून संबोधले असेल? ‘सामना’चा दिग्दर्शक या प्रश्नावर थांबला असता. २००० सालच्या चित्रपटाला एवढी उसंत नाही, कारण त्याला येवला, दिल्ली आणि नागपूर गाठायचे आहे.

आनंद पटवर्धन यांचा ‘जय भीम कॉम्रेड’ (२०११) हा माहितीपट येथे आठवतो. घाटकोपरच्या रमाबाई नगरात ११ जुलै १९९७ रोजी झालेल्या पोलीस गोळीबारात दहा जण मृत्युमुखी पडले. त्यानंतर शाहीर विलास घोगरे यांनी आत्महत्या केली. तेथून हा माहितीपट सुरू होतो. त्यात माणसे आपापल्या नावाने, आपापल्या मराठीत बोलतात आणि गातात. दोन्ही कृतींची जात वेगळी असल्याने श्रेष्ठ-कनिष्ठ ठरवणे योग्य नाही. तथापि पटेलांचा चित्रपट पूर्ण होत असतानाच, पूर्व द्रुतगती मार्गाने ठाण्याहून काही मिनिटांच्या अंतरावर ही घटना घडली होती, आणि त्या चित्रपटातील अनुयायांना बोलते केले असते तर तो या घटनेच्या किती जवळ गेला असता, एवढे नोंदवणे आवश्यक वाटते.

बखर आणि वागळे इस्टेट

२०१४ च्या चित्रपटात मराठी परत येते. पण ती आदरार्थी बहुवचनात येते. यशवंतराव चव्हाण यांची भूमिका अशोक लोखंडे यांनी संयमाने केली आहे, आणि वेणूताईंसह असलेल्या प्रसंगांत एक शांत करुणा आहे. वेणूताई १९८३ मध्ये गेल्या आणि पुढच्याच वर्षी यशवंतराव. चित्रपटाचे मर्म या एकाकी अखेरीत आहे, असे मला वाटते. राजकारणाच्या भागाविषयी तसे म्हणता येत नाही.

उपशीर्षकातील ‘बखर’ हा शब्द प्रामाणिक आहे. बखर आज्ञेवरून लिहिली जाते. सभासदाने आपली बखर राजाराम महाराजांच्या सांगण्यावरून लिहिली. म्हणून या चित्रपटाने स्तुती केली, ही तक्रार अस्थानी ठरते. मात्र बखर म्हणजे केवळ स्तुती नव्हे. भाऊसाहेबांच्या बखरीत पानिपताच्या कर्त्यांना बोल लावायला लेखक कचरत नाही. तो बोल या चित्रपटात मला तरी ऐकू आला नाही. सहकाराच्या ज्या धोरणाचे श्रेय यशवंतरावांना दिले जाते, त्याच धोरणाच्या पोटी हिंदुराव धोंडे पाटील जन्मला. १९७५ साली हे पटेलांनीच दाखवले होते. २०१४ मध्ये त्यांनी हिंदुरावाची सावलीही दारात पडू दिली नाही. सर्वांनी ज्याला ‘साहेब’ म्हणायचे त्याला एकदा तरी कोणी नावाने हाक मारून मारुती कांबळेविषयी विचारावे, अशी वेळ चित्रपटात येत नाही.

ठाणेकर प्रेक्षकाची उणीव आणखी वेगळी आहे. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाचा प्रारंभ १ ऑगस्ट १९६२ रोजी ठाण्यातील वागळे इस्टेट येथे एका छोट्या समारंभात झाला, आणि अध्यक्षस्थानी मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण होते. काही महिन्यांतच ते संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले. चरित्रपट नायकाबरोबर दिल्लीला जातो. दुसरा मार्ग त्याला नाही. मागे राहिलेल्या अंबरनाथ, डोंबिवली, कल्याण येथे जमिनी गेल्या, कारखाने आले, चाळी उठल्या, गिरणी आणि रसायन कामगारांची दुसरी पिढी लोकलने ये-जा करू लागली. या परिसराचे आजचे राजकारण त्यातून घडले. यशवंतरावांच्या कारकिर्दीचा हा खरा उत्तरार्ध आहे आणि तो त्यांच्या अनुपस्थितीत घडला. अनुपस्थित माणसाभोवती चित्रपट कसा रचावा हे मराठीत पटेलांइतके कोणाला ठाऊक होते? ‘सामना’ हा सबंध चित्रपटच तसा आहे.

हा चित्रपट मार्च २०१४ मध्ये प्रदर्शित झाला. त्याच्या महिनाभर आधी नागराज मंजुळे यांचा ‘फँड्री’ चित्रपटगृहांत आला होता. त्याचे शीर्षक हीच एक हाक आहे: कैकाडी भाषेतील डुकराचा शब्द, जो गाव एका मुलाच्या पाठीवर फेकतो. मुलगा शेवटी दगड उचलतो आणि तो थेट प्रेक्षकाच्या दिशेने येतो. ‘सामना’नंतर जवळजवळ चाळीस वर्षांनी, मारुती कांबळेला प्रथमच वर्गात, शाळेच्या गणवेशात, नावाने आणि शिवीने बोलावले गेल्याचे त्या वर्षी मराठी प्रेक्षकाने ऐकले.